मालिश आपली, ऋतू दुसऱ्यांचा

गेल्या पंधरवड्यात आमच्या वडोदऱ्यातील मंडळाच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप गटांवर एकच मजकूर फिरून आला. 'शरद ऋतूत मालिश का करावी' असे त्याचे शीर्षक असून त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: शरद हा थंड, कोरडा, पानगळीचा ऋतू आहे आणि त्यात वात वाढतो, म्हणून रोज कोमट तिळाच्या तेलाने सर्वांगाला मालिश करावी, हे तेल त्वचेतून झिरपत हाडांपर्यंत पोहोचते, मालिशीमुळे शरीरातील विषारी द्रव्ये आणि गरब्याने साठलेले लॅक्टिक ॲसिड बाहेर पडते, प्रतिकारशक्ती वाढल्याने ऋतुबदलाचे ताप येत नाहीत, दिवस लहान झाल्यामुळे येणारी उदासी दूर होते, आणि हे सारे नैसर्गिक असल्यामुळे लहानांपासून वृद्धांपर्यंत कोणालाही अपाय होत नाही. मजकुराच्या तळाशी एका मसाज सेंटरच्या दहा बैठकांच्या 'शरद विशेष' सवलतीचा दर दिला आहे.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि दिवसाचे चार-पाच तास माझे हात कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर, खांद्यावर किंवा पोटरीवर असतात, त्यामुळे मालिशीशी माझे वैर असण्याचे कारण नाही. ज्या गावात दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराला आजही माणिकरावांचा आखाडा म्हणतात, आणि ज्या प्रो. माणिकरावांचे नाव व्यायामाइतकेच हाडे बसवण्याच्या कसबासाठी घेतले जाते, त्या गावात अंग रगडून घेण्याचे महत्त्व मी कोणाला सांगावे असेही नाही. माझा आक्षेप मालिशीला नसून तिला चिकटवलेल्या ऋतूला आणि त्या ऋतूच्या नावाने केलेल्या दाव्यांना आहे.

सुरुवात ऋतूपासूनच केली पाहिजे, कारण सगळी इमारत त्या पायावर उभी आहे. 'थंड, कोरडा, पानगळीचा' हे वर्णन वाचताच मजकूर कुठून आला असावा याचा अंदाज येतो. इंग्लंड-अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने पिवळी पडून गळतात, हवा गार आणि कोरडी होत जाते, आणि तिकडे आयुर्वेदावर लिहिणाऱ्यांनी आपल्या त्या ऋतूला वाताचा ऋतू म्हटले. कोणीतरी ते इंग्रजी लेखन उचलले, त्या ऋतूच्या नावाच्या जागी 'शरद' हा शब्द बसवला आणि आपल्याकडे पाठवून दिले. आपल्याकडील पानगळ शिशिरातली. कमाटीबागेतली झाडे कोजागिरीला हिरवीगार असतात, कारण पाऊस नुकताच संपलेला असतो. हवेचे म्हणाल तर वडोदऱ्यात ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान साधारण ३१-३२ अंशांवर राहते आणि ऑक्टोबरात, ढग हटल्यामुळे आणि जमीन अजून ओली असल्यामुळे, तेच ३५-३६ अंशांपर्यंत चढते. ज्या महिन्यात दुपारी बारा वाजता रावपुऱ्यातून चालताना सदऱ्याची पाठ घामाने चिकटते, त्या महिन्यात थंडी आणि कोरडेपणा यांवरचा उपाय रोज अंगाला चोळावा, असे हा मजकूर सांगतो.

आता ज्या आयुर्वेदाचा आधार घेतला आहे तो काय म्हणतो ते पाहावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय हे ऋतुचर्येचे आहेत, आणि दोन्हींत शरदाचे दोषवर्णन एकसारखे आहे: पावसाच्या गारव्याला सरावलेल्या शरीरावर एकदम ऊन पडते आणि वर्षा ऋतूत साचलेले पित्त शरदात भडकते. वाताचे गणित तर याच्या अगदी उलट आहे, कारण तो ग्रीष्मात साचतो, वर्षेत भडकतो आणि शरदात शमतो. म्हणजे ज्या ऋतूत वात आपसूक शांत होतो असे ग्रंथ सांगतात, नेमका तोच ऋतू या मजकुराने वातप्रकोपाचा ठरवला आहे. ग्रंथांनी शरदासाठी सांगितलेले उपाय म्हणजे तिक्त घृत (कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप), विरेचन (जुलाब देऊन कोठा साफ करणे) आणि रक्तमोक्षण (शरीरातून रक्त काढणे), तसेच चंदन-वाळ्याचा लेप, स्वच्छ वस्त्रे आणि संध्याकाळचे चांदणे. आपण कोजागिरीला गच्चीवर दूध ठेवून चांदण्यात बसतो, ते या वर्णनाशी चांगलेच जुळते. अंगाला तेल चोळण्याचा, डोक्यावर तेल घालण्याचा आणि मर्दनाचा खास उल्लेख येतो तो पुढच्या, म्हणजे हेमंताच्या वर्णनात.

येथे मी एक सावधगिरी बाळगू इच्छिते. शरदात वर्ज्य म्हणून जी यादी दोन्ही ग्रंथांत येते तिच्यात 'तैल' हा शब्दही आहे, आणि आमच्या गटातील एका उत्साही गृहस्थांनी त्यावरून 'शरदात मालिश निषिद्धच आहे' असे उलट टोकाचे उत्तर लिहून टाकले. परंतु त्या यादीत तेल हे वसा (चरबी), क्षार आणि दही यांच्या पंक्तीला बसले आहे, तेव्हा त्याचा सरळ अर्थ खाण्याचे तेल असाच होतो. दिनचर्येच्या अध्यायात वाग्भट अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, नित्य करावा असे सांगतो, विशेषतः डोके, कान आणि पाय यांना, आणि ते कोणत्याही एका ऋतूला बांधलेले नाही. मात्र त्याच ठिकाणी तो तीन अपवादही सांगतो: कफाने ग्रासलेला, नुकतीच शोधनचिकित्सा (शरीरशुद्धीचे उपचार) झालेला आणि अजीर्ण झालेला. शरदात सांगितलेले विरेचन ही शोधनचिकित्साच आहे. त्यामुळे 'शरीरशुद्धी आणि लगेच मालिश' अशी जोडी ज्या सवलतीत विकली जाते ती ग्रंथाच्याच अपवादात सापडते, हे त्या मसाज सेंटरला कोणी कळवले तर बरे होईल.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न नरक चतुर्दशीचा असतो. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून न्हायचे, ही आपली रूढी शरदातलीच नव्हे काय? आहे, परंतु शास्त्रकारांनी तैलाभ्यंग आवश्यक म्हणून सांगितलेल्या दिवसांत बलिप्रतिपदा आहे तसा वर्षारंभाचा पाडवाही आहे, आणि तो वसंतात येतो. ही मंगलस्नाने आहेत, ऋतूवरची चिकित्सा नव्हे. माझी आजी दांडिया बाजारातल्या वाड्यात दिवाळीच्या पहाटे बंबातून काढलेल्या कढत पाण्याच्या पातेल्यात पितळी वाटी ठेवून तेल कोमट करी आणि आम्हा नातवंडांना पाटावर बसवून मानेपासून टाचेपर्यंत चोळीत असे. त्यात वाताचा विचार होता असे मला वाटत नाही, आणि आमच्यापैकी कोणालाही त्या तेलाचा फायदा विचारला असता तर आम्ही फराळाचे ताट असेच उत्तर दिले असते.

तेल हाडांपर्यंत झिरपते हा दुसरा दावा लवकर आटोपण्यासारखा आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर सुमारे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो आणि खाद्यतेलाचे रेणू मुख्यतः त्याच थरात अडकून राहतात. त्यांचे काम तेथेच आहे: ते त्वचेतील पाण्याचे बाष्पीभवन कमी करतात, म्हणून कोरड्या त्वचेला बरे वाटते. यासाठी अंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असताना थोडेसे तेल लावणे पुरते. घामाच्या दिवसांत तेलाचा जाड थर चोळून ठेवला तर केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात आणि घामोळे वाढते, आणि नवरात्राच्या सुमारास अशी पाठ मला दर आठवड्याला दिसते. कोणते तेल हा प्रश्न मात्र खरोखरच महत्त्वाचा आहे. सौम्य कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल चांगले काम करते असे २००४ च्या एका चाचणीत दिसले, तर ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या निरोगी त्वचेचाही संरक्षक थर कमकुवत होतो असे २०१३ मध्ये आढळले. बाळाच्या मालिशीसाठी ऑलिव्ह तेलाची बाटली हौसेने आणणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावे. घरचे खोबरेल स्वस्तही पडते.

तिसरा दावा लॅक्टिक ॲसिडचा आहे, आणि तो वडोदऱ्यात सर्वांत जास्त खपतो, कारण नऊ रात्री गरबा खेळल्यानंतर पाय दुखत नाहीत असा माणूस या गावात विरळा. विषारी द्रव्यांविषयी एवढेच म्हणता येईल की रक्तातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि त्वचेवर हात फिरवल्याने त्यांच्या कामात भर पडत नाही. लॅक्टिक ॲसिडची कथा याहून रंजक आहे. जोराचा व्यायाम केल्यावर स्नायूंत ते वाढते हे खरे, परंतु खेळ थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून संपवते. तुम्ही मैदानातून निघून, वाटेत शेव-उसळ खाऊन घरी पोहोचता तोवर ते प्रकरण मिटलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून उतरताना मांड्या ज्या ओरडतात, त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्या भरून काढण्यासाठी येणाऱ्या दाहामुळे. म्हणूनच हे दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा व्यायामानंतर लगेच केलेल्या मालिशीने स्नायूतील रक्तप्रवाह वाढण्याऐवजी त्यात अडथळा आला आणि लॅक्टिक ॲसिड हटण्याचा वेग कमी झाला असेच दिसले. दाबलेल्या नळीतून पाणी कमीच वाहते, हे त्यामागचे साधे कारण.

तरीही गरब्यानंतर पोटऱ्या चोळून घेतल्या की बरे वाटते हा अनुभव खोटा नाही, आणि त्याला पुरावाही आहे. २०२० मध्ये २९ अभ्यास आणि १०१२ खेळाडू एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात मालिशीने खेळाची कामगिरी सुधारत नाही, परंतु लवचीकता आणि नंतरचे दुखणे यांत थोडा पण खरा फरक पडतो असे निघाले. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या पोटऱ्यांवर अंगठा फिरवताना, गुडघ्याच्या मागे चार बोटे खाली, स्नायू जिथे दोन भागांत फुटतो तिथे, सुपारीएवढी घट्ट गाठ लागते. तिच्यावर हलका दाब धरून दीड-दोन मिनिटे थांबले की ती बोटांखाली सैलावत जाते आणि मुलगी नकळत रोखलेला श्वास सोडते. मज्जातंतूंना मिळालेल्या स्पर्शाच्या संदेशाने मेंदूने त्या स्नायूवरची पकड ढिली केली, असा त्याचा अर्थ लावता येतो. कोणतेही विष बाहेर आलेले नसते. आणि खरे सांगायचे तर जी मुलगी श्रावणापासून आठवड्यातून तीन वेळा गरब्याचा सराव करते तिला ही मालिश फारशी लागतच नाही, कारण एकदा त्या ताणाला सरावलेला स्नायू पुन्हा तेवढा दुखत नाही. जिला आठ महिने बसून काढल्यावर पहिल्याच रात्री पहाटेपर्यंत नाचायचे आहे, तिचे पाय कोणत्याही तेलाने वाचणार नाहीत.

प्रतिकारशक्तीच्या दाव्यामागे मात्र एक खरा अभ्यास आहे, आणि तो कसा ताणला गेला हे पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात २०१० मध्ये ५३ निरोगी प्रौढांपैकी काहींना ४५ मिनिटांची स्वीडिश पद्धतीची मालिश आणि बाकीच्यांना नुसता हलका स्पर्श दिला गेला. मालिश घेतलेल्यांच्या रक्तात काही पांढऱ्या पेशींची संख्या थोड्या वेळापुरती वाढलेली दिसली. ते लोक पुढे कमी आजारी पडले का, हे त्या अभ्यासात पाहिलेलेच नव्हते. एका बैठकीनंतर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून 'ऋतुबदलाचे ताप येत नाहीत' येथपर्यंत उडी मारणे म्हणजे एका ओव्हरवरून कसोटीचा निकाल जाहीर करणे होय.

या दाव्याचा धोका मात्र निव्वळ अतिशयोक्तीपेक्षा मोठा आहे. 'वैद्यानां शारदी माता', म्हणजे शरद ही वैद्यांची आई, असे जुने संस्कृत वचन आहे, आणि आजच्या वडोदऱ्यातही पावसाळा सरल्यावर साचलेल्या पाण्यावर डास वाढून डेंग्यू आणि चिकनगुनिया याच दिवसांत उचल खातात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, त्यानंतरच्या आठवड्यांत दवाखान्यांबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना हे वेगळे सांगायला नको. डेंग्यूत ताप येतो आणि अंग मोडून काढल्यासारखे दुखते, आणि अंग दुखते म्हटले की आपल्या घरांत पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो. परंतु डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट घटतात आणि लहान रक्तवाहिन्या झिरपू लागतात. ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवस तर सर्वांत जपण्याचे असतात. अशा अंगाला जोराने रगडल्यास त्वचेखाली रक्त उतरून निळे-जांभळे डाग पडतात. तापात दुखणाऱ्या अंगाला मालिश नको, रक्ततपासणी, भरपूर पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल हवे. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनही टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मनाच्या बाबतीत मालिशीची बाजू सर्वांत भक्कम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा एका बैठकीनेही त्या वेळची बेचैनी, रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी होतो आणि अनेक बैठकांनी चिंता व नैराश्याची तीव्रता घटते असे दिसले. त्याच संशोधकाने २०११ मध्ये कॉर्टिसोलविषयीचे अभ्यास पुन्हा मोजले, तेव्हा या ताणाच्या संप्रेरकावर मालिशीचा परिणाम जवळजवळ नगण्य निघाला. म्हणजे बरे वाटते हे खरे, मात्र 'कॉर्टिसोल धुऊन जाते' हे त्याचे स्पष्टीकरण टिकत नाही. परंतु 'दिवस लहान झाल्यामुळे येणारी उदासी' हा शब्दप्रयोग पुन्हा त्या परक्या ऋतूचाच. ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत झाले, आणि ते प्रामुख्याने विषुववृत्तापासून दूरच्या देशांतले दुखणे आहे, जेथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो. लंडनमध्ये डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. वडोदरा २२ अंश अक्षांशावर असल्याने आपला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी ओळीने येणाऱ्या या दिवसांत आपल्याकडे कोणाला उदास वाटत असेल तर त्याचे कारण बहुधा सूर्याहून जवळचे असते, आणि ते विचारण्यासाठी दहा बैठकांचे पैसे भरावे लागत नाहीत.

पाठीच्या दुखण्याचा उल्लेख मजकुरात ओझरता आहे, म्हणून मीही ओझरताच करते. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत २५ चाचण्या आणि ३०९६ रुग्ण होते, आणि कंबरदुखीत मालिशीने थोडे दिवस आराम पडतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असा तिचा निष्कर्ष होता. माझा अनुभवही तसाच आहे. मालिशीने मिळालेले दोन-तीन सुखाचे दिवस ज्यांनी व्यायाम सुरू करण्यासाठी वापरले ते सुधारले. बाकीचे पुढच्या बैठकीची वेळ घेत राहिले.

राहिला अपायाचा प्रश्न, आणि या मजकुराला उत्तर लिहायला मी बसले ती खरे तर या शेवटच्या ओळीमुळे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला गॅसवर तापवलेले तेल किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आपल्या मनगटावर पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी जोराचे मर्दन टाळावे. मालिशीच्या शेवटी मान कडकन मोडून देण्याची जी पद्धत सलूनमध्ये आहे ती कोणीच करून घेऊ नये, कारण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे अस्तर त्या झटक्याने फाटून पक्षाघात होऊ शकतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्या परिचयातल्या एक काकू, घोट्याचे प्लास्टर काढून आठ दिवस झालेल्या, पोटरीला तेल लावून घ्यायला आल्या. 'पाय जड झालाय गं, पडून राहून आखडला असेल, जरा जोरात रगड,' असे त्या म्हणाल्या. मी दोन्ही पोटऱ्या उघड्या करून शेजारी शेजारी पाहिल्या. उजवी चकाकत होती आणि हाताला डावीपेक्षा स्पष्ट गरम लागत होती. नडगीवर अंगठा दाबून काढला तर खळगा तसाच राहिला. टेपने मोजले तेव्हा दोहोंत साडेतीन सेंटिमीटरचा फरक निघाला. हालचाल बंद असलेल्या पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर अशी पोटरी रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊन बसू शकते, आणि त्याने मृत्यूही येतो. मी तेलाची बाटली बंद केली, त्यांच्या मुलाला बोलावले आणि पाय न चोळता, न चालवता डॉपलर तपासणीसाठी (शिरांतील रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी) नेण्यास सांगितले. गुठळी होती. पुढे काही महिने गोळ्या चालल्या. यंदा नवरात्रात त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुन्हा आल्या, आणि खुर्चीवर बसता बसता त्यांनी मला तोच मजकूर मोबाइलवर दाखवला.